बाणाच्या दिशेने कापलेला दगड

चारबाग स्टेशनवर हमालाने माझी पिशवी उचलली आणि धपकन खाली ठेवली. "मैडम, पत्थर भरे हैं क्या?" म्हटलं, "हाँ भैया, पत्थर ही हैं." तो इतका हसला की बिचाऱ्याने घासाघीसच केली नाही. माहेर जुन्नरकडचं, नोकरी लखनौच्या प्रयोगशाळेत. दर सुट्टीनंतर मी पापड-कुरडयांसोबत दगड घेऊन यायची. काय दिवस होते ते!

हे दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. जमिनीखाली तो हळूहळू निवत असताना त्यात पांढरे स्फटिक निवांत वाढतात, बारीक काड्यांसारखे. मग लाव्हा वर येऊन वाहतो आणि भराभर गार होतो. उरलेला रस काळा दगड होतो आणि काड्या होत्या तशा अडकून बसतात. ओढ्यातल्या काटक्यांसारख्याच त्या प्रवाहाच्या दिशेने वळलेल्या असतात. पण दगड त्या दिशेनेच कापायला हवा. आडवा कापलात तर नुसती टोकं दिसतात, विखुरलेले ठिपके.

कापायचे आमचे चच्चा. सगळी लॅब त्यांना चच्चाच म्हणायची. दगडाची चकती काचेवर चिकटवून, ओल्या पावडरीवर घासत घासत ते ती केसाहून पातळ करायचे, इतकी की काळ्या दगडातून उजेड आरपार जावा. माप बोटांनाच कळायचं. घासता घासता माझ्या लेकीबद्दल विचारायचे, "बिटिया अब मराठी बोलती है कि नहीं?" मी म्हणायची, "समजतं तिला सगळं, उत्तर मात्र हिंदीतच." त्या खोलीतला चहा अजून आठवतो. मला परक्या गावात माणूस मिळालं ते तिथेच.

त्या वर्षी त्यांच्या निवृत्तीला दोन महिने होते आणि वर्षभराची मुदतवाढ मिळेल अशी त्यांना फार आशा होती. नेमकं तेव्हाच मी खडूने बाण काढलेला जुन्नरचा दगड दिला आणि सांगितलं, "चच्चा, तीर के साथ-साथ काटिए." स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर सगळे ठिपके! लाव्हा पूर्वेकडे वाहिला, यावर माझा अख्खा अहवाल उभा होता. माझ्या जिभेला कधीच हाड नव्हतं. साहेबांसकट सगळ्यांसमोर मी कडाडले, "चच्चा, आपकी नज़र गई अब! पूरा पत्थर बर्बाद कर दिया!"

ते एवढंच म्हणाले, "तीर के हिसाब से ही काटा है, मैडम."

मुदतवाढ मिळाली नाही. त्यांच्या जागी चकत्या घासायचं नवं मशीन आलं.

चार महिन्यांनी अहवाल पुन्हा लिहायला घेतला, तेव्हा डोंगरावरची वही उघडली. दगड फोडण्याआधी त्यावर दोन बाण काढायचे हा आमचा रिवाज: उत्तर दिशेचा पांढरा, प्रवाहाचा लाल. वहीत माझ्याच अक्षरात होतं, "लाल खडू संपला. फक्त उत्तरेचा बाण काढला आहे. विसरू नये." अगं बाई! दगडावर तो एकच बाण होता, प्रवाहाला आडवा. चच्चांनी बाणाबरहुकूमच कापलं होतं. बाण चुकीचा होता, आणि तो माझा होता.

उरलेला तुकडा घेऊन मी जुन्या लखनौतल्या त्यांच्या गल्लीत गेले. सगळं सांगितलं, रडले. ते रागावलेसुद्धा नाहीत. "अरे, पहले चाय तो पीजिए." मग घरातल्याच काचेवर, हाताने, दोन दिवस खपून त्यांनी स्लाइड करून दिली. निघताना दारात म्हणाले, "साहब से कह देंगी न? सबके सामने? ठेके पर अब भी रख सकते हैं."

"कल ही कहूँगी," मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्लाइड लावली. काय देखणी होती! सगळ्या काड्या एका दिशेने, पूर्वेकडे, जणू लाव्हा आत्ताच थांबला होता. सगळे जमले. साहेबांनी डोळा लावला आणि खूश होऊन म्हणाले, "वाह! नई मशीन ने तो कमाल कर दिया."

लोक टाळ्या वाजवत होते. बोलायचं म्हणजे चूक कुणाची होती तेही सांगावं लागणार होतं. सगळ्यांसमोर कडाडणारी मी थँक यू म्हणाले आणि खाली बसले.