घासाची भीती

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत पुण्यात माझं पोटाचं ऑपरेशन झालं. जठराचा बराचसा भाग बाजूला करून डॉक्टरांनी लिंबाएवढी पिशवी शिल्लक ठेवली आणि आतडं तिला जोडून दिलं. तेव्हा माझं वजन एकशे अठ्ठावीस किलो होतं. मी शिरूरला स्टँडच्या मागं घरीच ब्लाउज शिवायचे. मशीनवर जरा वेळ बसलं की धाप लागायची, साखर गोळ्यांना दाद देत नव्हती, आणि झोपेत माझा श्वास अडकतो म्हणून नवरा माझ्याकडं बघत जागा राहायचा. सकाळी तसाच लाल डोळ्यांनी कारेगावला कंपनीत जायचा. शेवटी तोच म्हणाला, "असं भीत भीत किती दिवस काढायचे? करून टाकू."

ऑपरेशनचं आम्ही कुणालाच सांगितलं नाही. खाऊन खाऊन फुगली आणि मग पोट कापून घेतलं, असं लोक म्हणतील याची मला लाज वाटायची. माझी आई दौंडला भावाकडं असते. तिलाही पित्ताचे खडे काढले एवढंच सांगितलं.

पहिले काही आठवडे नुसतं पातळ. डाळीचं पाणी, ताक, डब्यातली पावडर पाण्यात कालवून. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं त्या इवल्याशा मापानं एकेक घोट घ्यायचा. घोट खाली गेला की मी थांबायचे, आत काय होतंय त्याकडं लक्ष द्यायचे. कुठं टोचतंय का, एखादा टाका सुटला तर नाही ना. मग मऊ भात सुरू झाला आणि त्यानंतर भाकरी. पहिलाच तुकडा छातीच्या हाडामागं अडकला. वरून पाणी जाईना, तुकडा वर येईना, तोंडात फेसासारखी लाळ भरत राहिली. मी मोरीत वाकून उभी होते. नवरा पाठीवरून हात फिरवत होता. शेवटी तुकडा बाहेर पडला तेव्हा दिसला, हरभऱ्याएवढा होता.

वजन मात्र झरझर उतरत होतं. मी स्वतःचेच ब्लाउज उसवायचे, आत घ्यायचे, थोड्या दिवसांनी पुन्हा उसवायचे. सुरुवातीला आरशात बरं वाटलं. मग विंचरताना केसांचे पुंजके हातात यायला लागले, गालांची हाडं वर आली, दंडाची कातडी लोंबायला लागली. बायका माप द्यायला यायच्या आणि माझ्याकडंच बघत राहायच्या.

त्या वर्षांत आमच्याकडं कुणी असं झपाट्यानं वाळलं की लोकांच्या मनात एकच रोग यायचा. त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. एक दिवस शेजारची बाई तिचं ब्लाउजपीस परत मागायला आली.

"तुमची तब्येत बरी न्हाई, ताई. कशाला त्रास?"

"अहो, कापून ठेवलाय. संध्याकाळपर्यंत देते शिवून."

"राहू द्या. तसाच द्या."

तिनं ते कापड पदरात घेतलं, हातानं धरलं नाही. मी दार लावून घेतलं. कंपनीतही नवऱ्याला एकानं विचारलं होतं, "वहिनींची टेस्ट केली का? आणि तुझी?" हे त्यानं मला खूप नंतर सांगितलं.

वैशाखात बुद्धपौर्णिमेला आम्ही दौंडला गेलो. विहारात वंदना झाली, खीर वाटली. घरी आल्यावर आईनं माझ्यासाठी वेगळी काढून ठेवलेली खीर पुढं केली. मला बघितल्यापासून तिचं माझ्या मनगटांकडंच लक्ष होतं.

"वाटीभर तर खा. खडे काढल्याव गोड चालतं म्हन्त्यात."

मला गोड वर्ज्य होतं, एवढ्याशा पिशवीतून ते थेट आतड्यात उतरतं म्हणून. पण साखर उतरल्याचं आईला आधीच सांगून बसले होते, आता काय कारण सांगणार? अर्धी वाटी खाल्ली. इतक्या दिवसांनी जिभेला ती चव लागली आणि घास मोजायचे, चावायचे, थांबायचे, सगळं विसरले. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली. कानांत घूं घूं आवाज, अंगाला दरदरून घाम, हातपाय गार. पोटात कळ अशी आली की मी जमिनीवरच आडवी झाले. मी मरतेय याबद्दल मला जराही शंका नव्हती. वर पंखा फिरत होता आणि मला एवढंच वाटत होतं की इथं नको, आईच्या समोर नको.

तासाभरानं ते उतरलं. मला खाटेवर झोपवलं होतं. पडवीत आई नवऱ्याशी हळू बोलत होती, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

"जावई, खरं सांगा. माझ्या लेकीला तुमच्याकडनं काय लागलं का?"

त्यानं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आई आत आली आणि पायाशी बसली.

"मला खडे सांगितले," ती म्हणाली. "मी तुला माझ्या हातानं इख घातलं असतं आन् मला कळलं बी नसतं."

शिरूरला परत आल्यावर मी खायलाच धजेना. गोडाची भीती तर होतीच, पण आता ती वरणभाताला लागली, अंड्याला लागली. ताट समोर आलं की छाती धडधडायची आणि मला वाटायचं, झालं सुरू. दोन घास पोटात गेले की उलटी. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्याही त्याच वाटेनं बाहेर पडायच्या. नवरा विचारायचा, जेवलीस का, आणि मी हो म्हणायचे. वजन उतरतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं स्वतःला समजवायचे.

पावसाळ्यात पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांना, मग तळव्यांना. एका दुपारी मशीनवर बसले आणि पायडलवर पाय ठेवला तर पायाखाली काही आहे हेच कळेना. खाली वाकून बघितलं, पाय पायडलच्या बाजूला फरशीवर होता. पुन्हा उचलून ठेवला. मग सुई ओवायला घेतली तर सुया दोन. एक डोळा मिटला की एकच, उघडला की परत दोन. उठले आणि भिंतीला धरत दारापर्यंत गेले. पाय कापसावर पडावेत तसे पडत होते. शेजारणीला हाक मारावी असं मनात आलं, पण ती येईल असं वाटेना. कंपनीच्या फोनवर निरोप दिला. नवरा येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले. रस्त्यानं जाणारं प्रत्येक माणूस मला दोनदा दिसत होतं.

त्याच दिवशी पुण्याला नेलं. डॉक्टरांनी पायावर टाचणी टोचून बघितली, डोळ्यांपुढं बोट फिरवलं.

"तुम्ही दिवसाकाठी खाता किती?"

मी सांगितलं. नवरा माझ्याकडं बघायला लागला.

"ऑपरेशन बिघडलं का, डॉक्टर?"

"ऑपरेशन उत्तम आहे. उलट्या आणि उपासामुळं तुमच्या अंगातलं एक जीवनसत्त्व संपलंय. त्याच्याशिवाय नसा मरायला लागतात. अजून थोडं थांबला असता तर डोक्यावर परिणाम झाला असता. मग घरच्यांनाही ओळखलं नसतं."

तोवर मला खाण्यानं मरायची भीती होती. त्या दिवशी न खाण्याची लागली, आणि पहिली गेलीच नाही. सलाइनमधून औषध चालू केलं. दोन दिवसांनी खिडकीचे गज एकेरी दिसायला लागले. पायांना मात्र काहीच फरक नव्हता.

घरी सोडलं तेव्हा आई आधीच शिरूरला येऊन बसली होती. तिनं मुगाचं घट्ट वरण केलं, त्यात भात कुस्करला आणि चमच्यानं भरवायला लागली, जणू मी अंगावरचं पोर आहे.

"चावलंस?"

"चावलं."

"आणखी चाव."

प्रत्येक घासाला ती माझ्या गळ्याकडं बघायची. घास खाली उतरला की तिचाही श्वास सुटायचा. मी रडायला लागले की चमचा वाटीत ठेवायची, थांबायची, पण वाटी हलवायची नाही.

दिवाळीच्या आसपास मी काठी न घेता स्टँडपर्यंत जाऊन आले. मशीनही सुरू झालं. उजव्या पायाची दोन बोटं आजही बधिरच आहेत. पायडल मारताना मी अधूनमधून खाली बघून घेते.

शेजारणीला आईनंच दारात गाठलं होतं. "माझ्या लेकीचं पोट कापून बारकं केलंय. वजनासाठी. दुसरा रोगबिग काय न्हाई. आत या, च्या घ्या." ती आली. चहा घेतला. काही गिऱ्हाइकं परत आली, काही नाही आली. मग हिवाळ्यात तीच शेजारीण एकदा ब्लाउज घेऊन आली, माप दिलं आणि जाता जाता घुटमळली.

"ताई, माझी जाऊ लई जाड हाय. गुडघं गेलेत तिचं. तिला चालंल का हो हे?"

माझी साखर उतरली होती, जिना चढता येत होता, आणि रोज दुपारी ताटाशी बसताना माझ्या हाताला अजून घाम यायचा.

"तिला माझ्याकडं घेऊन या," मी म्हटलं. "पण जेवायच्या वेळेला आणा."