दोन सुयांपुरतं गाणं

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण अमेरिकेतल्या गुराख्यांच्या मुलखातलं एक साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं गाणं मला तोंडपाठ आहे. घर सोडून गेलेल्या माणसाचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत रडकं. कुवेतमधल्या आमच्या हॉस्पिटलात डायलिसिसला येणाऱ्या एका कुवेती आजोबांचं ते गाणं. त्यांना आम्ही सगळ्या सिस्टर हज्जी म्हणायचो. तरुणपणी ते अमेरिकेत शिकायला होते.

मी त्यांच्या हातात सुई घालायला घेतली की ते गाणं सुरू करत. पहिलं कडवं संपेपर्यंत पहिली सुई, दुसऱ्यात दुसरी. आठवड्यातून तीनदा, चार वर्षं. शेजारच्या खाटेवरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, ड्रायव्हरही पुढेपुढे गुणगुणायला लागला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण घर त्याचंही सुटलेलंच होतं. माझंही. मला ते गाणं मनापासून आवडायचं, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर बरं झालं असतं. संक्रांतीला इथल्या फिंतास भागात एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. माझ्या अंगात आलं आणि मी हज्जींची नक्कल केली. तो थरथरता आवाज, सुई टोचली की सुरात मध्येच येणारं ते कण्हणं, सगळं केलं. बायका हसून लोळल्या. कोणीतरी व्हिडिओ काढला. मेली माझी हौस, मी तो स्टेटसला ठेवला. अपॉइंटमेंटसाठी हज्जींच्या लेकीचा आणि माझा नंबर एकमेकींकडे होता, हे डोक्यातच आलं नाही. तिने तो पाहिल्याचं दिसलं. लगेच काढून टाकला, पण व्हायचं ते झालं होतं.

पुढच्या पाळीला हज्जी आले, खाटेवर पडले, हात पुढे केला. गाणं नाही.

“हज्जी, मला माफ करा,” मी म्हटलं. “आज गाणार नाही?”

“तू नवीन आलीस तेव्हा सुई धरताना तुझा हात कापायचा,” ते शांतपणे म्हणाले. “म्हणून मी गायला लागलो. आता तुझा हात कापत नाही. यल्ला, चल, सिस्टर.”

त्या दिवशी माझा हात इतका कापला, की पहिली सुई दोनदा चुकली. तरी हज्जींनी गाणं काढलं नाही.