वहिनीच्या हातची गोळी

हे मी आजवर कोणाजवळ बोलली नाही. घरच्या माणसाजवळही नाही. तुमच्याजवळ बोलून राहिली — का, ते विचारू नका.

मनोहर माझा धाकटा दीर. तो फौजेत होता. सत्त्याऐंशीत त्याची पलटण लंकेच्या लढाईत गेली, अन् वर्षभरात तो सौंसरला घरी परत आला. हातपाय धड, पण झोप गेलेली. भांडं पडलं की भिंतीला चिकटायचा. रात्रभर आमच्या संत्र्याच्या बगीच्यात काठी घेऊन फिरायचा. लोक म्हणत, बाहेरचं आहे. सासूबाई त्याला दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला नेत. मी मात्र बसनं नागपूरला नेलं, डोक्याच्या डॉक्टरकडे. हो, मीच! केवढा तोरा होता मला त्याचा.

डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. रोज एक, चुकवायची नाही. महिनाभरात मनोहर झोपू लागला. एकदा जेवताना चक्क हसला — काय बाई आनंद झाला होता मला!

मग संत्र्याचा आंबिया बहार तयार होऊ लागला. आदल्या साली चोरांनी अर्धा बगीचा तोडून नेला होता. रखवाला मिळेना, मिळाला तर टिकेना. एक दिवस आमचे हे सहज बोलून गेले, "मनोहर जागत होता तेव्हा पाखरू फिरकत नव्हतं बगीच्यात."

ते बोलून विसरले. मी विसरली नाही.

सासूबाईंच्या ताकदीच्या गोळ्याही पांढऱ्याच होत्या — आता कसं सांगू? मी त्याला डॉक्टरच्या गोळीच्या जागी त्या द्यायला लागली. चुकून नाही हो. रोज डबी उघडून, पाहून, त्याच्या हातावर ठेवायची. वहिनीच्या हातची गोळी म्हणून तो पाहतही नसे.

आठवड्याभरात तो पुन्हा काठी घेऊन बगीच्यात. दोन महिने! एक फळ गेलं नाही. लोक म्हणत, घरातच शिपाई आहे तुमच्या. मी हसायची. माल विकला गेला की खरी गोळी सुरू करू, असं मनाला सांगायची. मन ऐकतही होतं.

माल गेला. मी खरी गोळी पुढं केली, तर त्यानं हात मागे घेतला.

"राहू द्या वहिनी. दोन महिने झाले खाऊन राहिलो, झोप येऊन नाही राहिली. मले दवाई लागूच होत नाही. माझं डोकं गेलंच समजा."

तेव्हा सांगता आलं नसतं का? एका वाक्याचं तर काम होतं. पण मग त्यानं मला वहिनी म्हटलं असतं? मला भीती वाटली. मी म्हटलं, "जशी तुझी मर्जी."

त्यानंतर त्यानं गोळीला हात लावला नाही. डॉक्टरकडे गेला नाही. लग्नाचं नावही काढू दिलं नाही. आता त्याचे केस पांढरे झाले, अजून झोप नाही. घरी आलेल्या कोणी इलाजाचा विषय काढला की तो सांगतो, "वहिनीनं लय केलं माझ्यासाठी. खोट माझ्याच डोक्यात आहे."

मी तिथंच असते. ऐकून घेते.