निर्दोष व्हॉल्व्ह आणि झेंडूचा हार

आमच्या टिपरचा ब्रेक-व्हॉल्व्ह निर्दोष होता. हे निर्विवादपणे सिद्ध करण्यासाठी मला तो आधी खोलून घ्यावा लागला आणि नंतर बदलावा लागला.

खाणी बंद होत्या त्या वर्षांत हा टिपर कारापूरला आमच्या अंगणातच उभा असे आणि आई त्याच्या हौद्यात मिरच्या वाळवत असे. आता खनिजाची वाहतूक पुन्हा सुरू होणार होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत खाणीच्या फाटकावर गाडी तपासून वाहतुकीच्या रांगेतला नंबर घ्यायचा होता. अट साधी होती : इंजिन बंद केल्यावर ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा दहा मिनिटे जागचा हलता कामा नये. नंबर हुकला, तर टिपर आणखी एक मोसम मिरच्या वाळवणार!

रविवारी सकाळी टिपरच्या नाकाडातून ‘सूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला. काटा दोन मिनिटांत निम्म्यावर उतरला.

“बाबल मिस्त्रीक बोलयतंय,” बाबा म्हणाले.

“आधी निदान करू,” मी म्हणाले. (मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे, सुवर्णपदकासह. हे वाक्य त्या दोन दिवसांत मी सात वेळा उच्चारले, असे आई म्हणते. माझ्या मोजणीनुसार पाच वेळा.)

मी बादलीत साबणाचे पाणी केले, ब्रश घेतला आणि प्रत्येक सांध्याला फेस लावत निघाले. जिथे बुडबुडा, तिथे गळती. पद्धत अचूक आहे. समोरच्या जाळीपाशी पोहोचताच आईने हात धरला.

“हाराक साबण लावशीत तर बघ.”

जाळीवर दसऱ्याचा झेंडूचा हार होता, वाळून काळपटलेला. आमच्याकडे गाडीचा हार काढत नाहीत. तो आपसूक गळून पडेपर्यंत ठेवतात. हा मात्र गळणार नव्हता, कारण तो मी बांधला होता. खाणी बंद होण्याआधीच्या दसऱ्याला दोऱ्याने बांधलेला हार पहिल्याच चढणीवर सुटला होता. म्हणून या वेळी मी बांधकामाची तार आणली, जाळीच्या आत हात घालून ती भक्कम आधाराभोवती घेतली आणि पक्कडीने तीन पीळ दिले. (चौथा पीळ खबरदारी म्हणून.)

हार हवा गळवत नाही, असा विचार करून मी तेवढी जागा वगळली. बुडबुडा कुठेच नव्हता आणि आवाज मात्र व्हॉल्व्हच्या आसपासचा होता. अर्थात व्हॉल्व्ह आतून गळत होता. निष्कर्ष सुंदर होता, आणि सुंदर निष्कर्षांवर मी सहसा संशय घेत नाही.

दुपारी बाबल मिस्त्री आला. “आवाज खंयसून येता, तां जरा ऐकूया गो बाय.”

“ऐकणे व्यक्तिनिष्ठ असते,” मी म्हणाले.

त्याने बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, “ती शिकलेली आसा. सांगता तसा कर.”

त्याने व्हॉल्व्ह खोलून आतली सगळी रबरे बदलली. ‘सूंऽऽ’ कायम राहिला. सोमवारी सकाळी मी अख्खा नवा व्हॉल्व्ह बसवून घेतला. ‘सूंऽऽ’ आता अधिक आत्मविश्वासाने येऊ लागला.

साडेदहा वाजले.  बाबा हौद्याकडे पाहत राहिले, आणि त्यांना तिथे मिरच्या दिसत आहेत हे मला स्पष्ट कळले.

“काय होवचा ता होऊ दे,” आई म्हणाली. “उदबत्ती तरी ओवाळतंय.”

तिने चाकांना ओवाळले. धूर सरळ वर गेला. आरशांना ओवाळले, धूर सरळ वर गेला. हारासमोर उदबत्ती नेताच धूर आडवा झाला आणि तिच्याच तोंडावर आला. तिने पुन्हा नेली. पुन्हा आडवा.

“देव श्वास घेता हो,” आई पुटपुटली. बाबांनी हात जोडले.

“देव इतक्या दाबाने श्वास घेत नाही,” मी म्हणाले. आणि त्याच क्षणी मला तो भक्कम आधार आठवला.

हार काढायला आईची परवानगी लागली. तिने आधी जाळीपुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणे घातले, मग मान हलवली. मिस्त्रीने पक्कडीने पीळ उलगडले. (चौथ्याला वेळ लागला.) तार हवेच्या नायलॉन नळीभोवती आवळली होती आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी नळीत बारीक चीर पाडून बसली होती.

“ही तार कोणी बांधलेली?” मिस्त्रीने विचारले.

आईने माझ्याकडे पाहिले. बाबा नारळाकडे पाहत म्हणाले, “शिकलेल्या माणसाचा काम. सुटणा नाय.”

चिरलेला तुकडा कापून जोड बसवायला मिस्त्रीला दहा मिनिटे लागली. बारा वाजायला पाच मिनिटे असताना टिपर फाटकावर उभा होता. तपासनिसाने घड्याळ लावले. काटा हलला नाही. बाबांना नंबर मिळाला.

जुना व्हॉल्व्ह बाबांनी रॉकेलने स्वच्छ धुऊन शोकेसमध्ये माझ्या सुवर्णपदकाशेजारी ठेवला आहे. पाहुणे विचारतात, हे काय? बाबा अभिमानाने सांगतात, “दोनय तिच्याच अभ्यासान घरात इली.”