दीडशे की एकशे ऐंशी

हरणाला नेमक्या किती वजनाची गोळी लागते, हे अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि त्या माणसाने जन्मात हरणाला खडासुद्धा मारलेला नाही. हा माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. मेहकरच्या पुढे, यष्टीतून उतरून बरंच चालावं लागतं अशा एका गावी ते राहतात. वडिलोपार्जित शेती आहे, दोन बैल आहेत, आणि वडिलांच्या मागे त्यांच्या नावावर झालेली एक रायफल आहे. पिकाच्या राखणीसाठी मिळालेल्या परवान्यावर ती घरात आली आणि तेव्हापासून साडूंच्या डोक्यात जी जाऊन बसली ती बसलीच. त्यांना मिसरूड फुटायच्या आधीच सरकारने शिकार बंद केली. त्यामुळे वडिलांच्या काळातल्या शिकारीचा वारसा त्यांच्याकडे आला तो फक्त बोलण्यापुरता, पण बोलण्यात त्यांनी काही कसर ठेवली नाही.

त्यांचा सगळा जीव गोळीच्या वजनात. बंदूक कोणतीही धरा, नेम कसाही लागो, गोळीचं वजन चुकलं की सगळं चुकलं, असं त्यांचं म्हणणं. हे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे किती, असं मी एकदा नको त्या वेळी, म्हणजे जेवणाआधी, विचारलं. "साडभाऊ, सोनाराची गुंज पाह्यली ना? तिच्या निम्म्याच्या थोडं वर. आता आपल्यापाशी दोन गोळ्या हायेत. एक दीडशे ग्रेनची, एक एकशे ऐंशीची. हलकी असते ते जोरात पळते, पण मोठ्या हाडाले लागली की फुटते. जड हळू जाते, पण आत घुसते. हरणाले जड मारली तं ते इकून शिरते अन् तिकून निंघते, हरणाले पत्ताच लागत नाई. ते जखमी हुन पळते अन् कुठंतरी झुडपात तडफडून मरते. अन् रोह्याले हलकी मारली तं खांद्यावरच फुटते, तोही जखमी हुन पळते. जनावर जागच्या जागी पडलं पाह्यजे. नाई पडलं तं त्याचं पाप कोनाच्या डोक्यावर?" वरण निवून गेलं तरी पाप कुणाच्या डोक्यावर ते ठरत नव्हतं.

नुसत्या तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही. स्वयंपाकघरातून पपई आणली की ती हरीण, आणि दुधी भोपळा आणला की तो रोही, म्हणजे नीलगाय. पपईत करंगळी खुपसून हलकी गोळी, भोपळ्यात अंगठा खुपसून जड गोळी. त्यांच्याकडे दुधीच्या भाजीत मोठ्या फोडी कधी मिळत नाहीत, त्याचं कारण हे आहे. ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, एवढ्या वर्षांत या संसाराला सरावली आहे. "याइले हरणाचं वजन पुसा, रोह्याचं पुसा," ती म्हणते, "फक्त घरात तेल किती उरलं ते नोका पुसू."

माणसांच्या बाबतीतही त्यांची मोजण्याची रीत तीच. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी आधी थोरल्या जावयाचं मत विचारलं. साडूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि सगळी मंडळी कान टवकारून बसलेली असताना म्हणाले, "दीडशेतच बसते." सासऱ्यांना वाटलं मुलात काहीतरी कमी आहे. ते समजावता समजावता पोहे थंड झाले. त्यानंतर इतकी वर्षं झाली, बुलढाण्याची हवा आणि बसून करायची नोकरी मला मानवली. आता त्यांच्या दारात पाय ठेवला की ते खुशीत सांगतात, "साडभाऊ, एकशे ऐंशीवर गेले तुमी." यात त्यांचा काही दुष्टपणा नसतो. उलट मान देतात असाच त्यांचा समज आहे.

एकदा त्यांना शंका आली की काडतुसांच्या डब्यावर लिहिलेलं गोळीचं वजन आणि खरं वजन यांत फरक आहे. झालं, काडतुसं खिशात घालून स्वारी मेहकरच्या सराफाकडे. ऐन लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि हे सोन्याच्या काट्यावर काडतुसं ठेवून आकडे वाचताहेत. शेजारी एक नवरी मुलगी मंगळसूत्र पसंत करत होती, तिची आई तिला हळूहळू दाराकडे ओढू लागली. सराफ जुना ओळखीचा होता म्हणून निभावलं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, हे अख्खं काडतूस हाय. वरची गोळी काढल्याबिगर तिचं वजन मी कसं सांगू?" साडू चिडले. "मंगळसूत्र तोलता तवा काय काळे मणी काढून तोलता?" सराफ शांतपणे म्हणाला, "हाव. काढूनच तोलतो." साडू काडतुसं खिशात घालून बाहेर पडले. महिनाभर ते त्या सराफाला इमानदार माणूस म्हणत होते, पण चेहरा पडलेला असायचा.

निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. साडू बंदूक पुसूनबिसून, जुन्या धोतरात गुंडाळून नेऊन देतात आणि हवालदाराला बजावतात, भिंतीला टेकवू नका, ओल धरते. मग आठवडी बाजाराच्या दिवशी तेलाची बाटली घेऊन तिला भेटायला जातात. हवालदार बदलतात, सरकारं बदलतात, तेलाची बाटली तीच असते.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण मागच्या वर्षी, हरभरा घाट्यावर आला, दाणा भरू लागला तेव्हा, प्रकरण गळ्याशी आलं. साडूंचा धाकटा भाऊ त्याच गावात वेगळा राहतो. वाटणीत त्याच्याकडे जंगलाच्या कडेचं वावर आलं आणि साडूंकडे गावालगतचं, कुंपणाचं. धाकट्याच्या वावरात रोह्यांचा कळप रोज पहाटे उतरायचा. रोही म्हणजे घोड्याएवढं जनावर. ते खातं त्याहून जास्त तुडवतं. धाकट्याने बुजगावणी उभी केली, जुन्या साड्या बांधल्या, फटाके लावले. कळप चार दिवस बिचकला आणि पुन्हा आला. शेवटी त्याने वनखात्याकडे अर्ज केला, खेटे घातले, आणि कशीबशी परवानगी मिळवली. रोही मारायची परवानगी, गावात रायफल एकच, आणि रायफलवाला सख्खा भाऊ. धाकट्याला वाटलं, देव पावला. गावाला वाटलं, आता बघू. साडूंनी तर आयुष्यभर याच दिवसाची तयारी केलेली. त्यांनी मला मुद्दाम फोन करून बोलावलं. "या साडभाऊ, जागच्या जागी पडणं काय असते ते पाहाले या."

उजाडता उजाडता आम्ही धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आडोशाला बसलो. साडू, धाकटा, वनखात्याचा गार्ड आणि मी. हरभऱ्यावर दव होतं. कळप आधीच उतरलेला होता, आणि त्यातला काळपट नर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, अगदी आडवा उभा होता. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण माझ्यासारख्यानेही तो चुकवला नसता. साडूंनी एकशे ऐंशीची गोळी भरली. नेम धरला. बराच वेळ धरला. मग बोल्ट मागे ओढून गोळी बाहेर काढली. "आडवा हाय," ते कुजबुजले, "बरगडीतून जाइन. दीडशेच बरी." दीडशेची भरली. तेवढ्यात नर आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. "आता समोरून छातीचं हाड आलं. जडच पाह्यजे." पुन्हा बोल्ट, पुन्हा अदलाबदल. नर वळला की गोळी बदलायची, हा प्रकार इतका वेळ चालला की कळपाचं निम्मं पोट भरलं. गार्ड हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, दाबा ना आता." धाकट्याच्या डोळ्यांदेखत हरभरा कचाकचा चालला होता आणि तो फक्त भावाच्या बोटाकडे पाहत होता. नर आणखी चार पावलं पुढे आला, मान वर करून त्याने थेट आमच्याकडे पाहिलं. साडूंनी बंदूक मांडीवर ठेवली. "नाई," ते म्हणाले, "वजन बसत नाई." सगळा कळप धुरा ओलांडून, काही घाई नसल्यासारखा, जंगलात निघून गेला.

त्या हंगामात धाकट्याच्या वावरात जे उरलं त्याला पीक म्हणणं अवघड होतं. गावाने साडूंना सोडलं नाही. किराणा दुकानात साखर मागितली की दुकानदार विचारायचा, "भाऊसाहेब, दीडशे देऊ का एकशे ऐंशी?" बसथांब्यावर, चक्कीवर, देवळाच्या ओट्यावर हेच. साडू हसून घ्यायचे. हसणं त्यांना जमत होतं. त्यांना लागलं ते दुसरंच. धाकट्याने बोलणं टाकलं. लहानपणी ज्याच्या बोटाला धरून शाळेत गेला, त्या भावाच्या दारावरून तो मान खाली घालून जायचा. काही निरोप असला तर ताईजवळ, तोही दारातूनच. पेरणीच्या आधी साडूंनी काय केलं, तर स्वतःचं कुंपणाचं वावर धाकट्याला कसायला दिलं आणि जंगलाकडचं आपल्याकडे घेतलं. त्यावर काही भाषण नाही, काही नाही. हा निरोपही ताईनेच पोचवला. धाकट्याने वावर घेतलं, पण बोलला नाही.

यंदा संक्रांतीनंतर मी आणि बायको गेलो तेव्हा साडू घरात नव्हते. सकाळपासून ते जंगलाकडच्या वावरात मचाणावर बसलेले असतात, पत्र्याचा डबा बडवत. बंदूक घरी खुंटीला. ताईला ताप होता, म्हणून त्यांची भाकरी कोण नेणार हा प्रश्न होता. मी निघालोच होतो, तर दारात धाकटा, ताईच्या तापाचं ऐकून आलेला. त्याने माझ्या हातातून भाकरीचं फडकं घेतलं आणि चालू लागला. मी मागोमाग. मचाणाखाली पोचल्यावर त्याने भाकरी, ठेचा, कांदा मांडला. साडू खाली उतरले, भावाला पाहून गडबडले, आणि हात धुवायचे विसरून जेवायला बसले. सुचेना म्हणून जंगलाकडे बोट दाखवून मला सांगू लागले, की सकाळी एक नर आला होता, चांगला भरलेला.

"दादा," धाकटा मधेच म्हणाला. एवढ्या महिन्यांतला तो पहिला शब्द असावा, कारण साडूंचा हात घासासकट थांबला. "खरं सांग. त्या दिवशी कोनती पाह्यजे होती?"

साडूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ठेच्याकडे. "दोन्ही चालल्या असत्या बे," ते म्हणाले. "दोन्हीनंही तो जागच्या जागीच पडला असता."

"मंग?"

"मंग काई नाई. तो पाहून राह्यला होता माह्याकडे. मले नाई जमलं."

मला वाटलं, आता हा फडक्यासकट भाकरी भिरकावतो. त्याचा हरभरा गेला होता, वर्ष गेलं होतं, त्याला हक्क होता. पण तो म्हणाला, "हे तवाच सांगतलं असतं, दादा, तं मी बोलणं काऊन सोडलं असतं?"

आमचे साडू एका गोळीवर तासभर बोलू शकतात. त्या दिवशी भाकरी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही, आणि धाकटाही त्यांचं जेवण होईपर्यंत तिथून उठला नाही.