अण्णांचा चष्मा आणि पेठेतलं पार्किंग

गुरुजींच्या उजव्या डोळ्यासमोर मी दुसरं भिंग घातलं आणि विचारलं, "आता जास्त स्पष्ट दिसतंय की मगाशी दिसत होतं?" गुरुजींचं सगळं लक्ष बाहेर होतं. रस्त्यावर टोइंगच्या गाडीचा स्पीकर एकेक नंबर पुकारत होता. तिसरा नंबर ऐकला आणि गुरुजी खुर्चीतून उठून थेट रस्त्यावर धावले. ट्रायल फ्रेम घालूनच.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर नव्हे. डोळ्याचा नंबर काढायचा आणि त्या नंबराचा चष्मा नाकावर नीट बसवून द्यायचा, हे माझं काम. सोलापुरात मधल्या पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. ट्रायल फ्रेम म्हणजे नंबर काढताना घालतात तो गोल, जड, स्टीलचा सांगाडा. त्यावर कंपासपेटीतल्या कोनमापकासारखे आकडे असतात, बाजूला स्क्रू असतात आणि आत एकावर एक भिंगं बसवता येतात. तो घातलेला माणूस दुसऱ्या कुठल्यातरी ग्रहावरून पाहणीला आल्यासारखा दिसतो.

मी दारात येईपर्यंत गुरुजींची मोटारसायकल हवेत लटकलेली होती. टोइंगवाल्या पोरांनी गुरुजींकडे बघितलं आणि त्यातल्या एकानं विचारलं, हे काय घातलंय. गुरुजी धापा टाकत म्हणाले, "तपासणी चालू हाय."

खोटं काहीच नव्हतं. पोरांनी त्या सांगाड्यावरचे आकडे बघितले, एकमेकांकडे बघितलं आणि गाडी हळूच खाली ठेवली. आपलीच तपासणी चालू आहे असं त्यांना वाटलं असावं. गुरुजींनी गाडी माझ्या पायरीला टेकवून लावली आणि आत येऊन परत खुर्चीत बसले. मघाचं भिंग जास्त स्पष्ट होतं, म्हणाले.

गुरुजी मोहोळचे, झेडपीच्या शाळेत शिक्षक. दर दोन वर्षांनी चष्मा माझ्याकडूनच करायचे. नंबर काढून झाला तसे ते जरा घुटमळले. मग म्हणाले, कार्डावर नंबर लिहिलाच आहे, तर पीडीपण लिहून द्या की.

पीडी म्हणजे एका डोळ्याच्या बाहुलीपासून दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपर्यंतचं अंतर. भिंगाचा मध्य बरोबर बाहुलीसमोर यावा लागतो, म्हणून हे माप घेतात. ते लागतं फक्त चष्मा बनवणाऱ्याला. चष्मा मी बनवणार असेन तर माप माझ्या वहीत असतं. गिऱ्हाईक ते कागदावर मागतं याचा अर्थ चष्मा मोबाईलवरून येणार असतो. गेल्या वर्षा-दोन वर्षांत 'पीडी' हा शब्द सोलापूर जिल्ह्यात शाळेतल्या पोरांनाही माहीत झाला होता.

गुरुजींनी माझा चेहरा वाचला. "रागावू नका मॅडम," ते म्हणाले. "तुमच्याकडं चष्म्याला दोनदा यावं लागतं. एकदा तपासायला, एकदा न्यायला. दोनी टायमाला गाडीचा घोर. पार्किंगच्या पट्ट्यात जागा नसती, पट्ट्याबाहेर लावली की उचलत्यात. तासाभराचे पैसे वेगळेच. तो मोबाईलवाला मोहोळात दारात आणून देतो."

त्यांचं एक वाक्यही खोडता येईना. पेठेत पे-अँड-पार्क सुरू झाल्यापासून दर अर्ध्या तासाला पैसे वाढत होते. डोळे तपासणं म्हणजे काही काडेपेटी विकत घेणं नव्हे. वीस मिनिटं तपासणी, मग फ्रेम निवडायला बायको, मग बायकोला न आवडलेली फ्रेम बदलायला अजून वीस मिनिटं. चष्मा घेता घेता पार्किंगची पावती दुप्पट व्हायची.

पासष्टच्या जागी साठ लिहावं असं माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. पाच मिलिमीटरची चूक, आणि मोबाईलवाल्या चष्म्यानं गुरुजींचं डोकं आठ दिवस दुखलं असतं. मग वाटलं, दुखलं तर पोरांना मारतील. मी पासष्टच लिहिलं.

गुरुजी गेल्यावर आतून रझाकभाई बाहेर आले. रझाकभाई माझे फिटर. भिंग घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम त्यांचं, आणि पडदा पातळ असल्यामुळे बाहेरचं सगळं ऐकण्याचंही. म्हणाले, "मॅडम, नंबर अपना, चष्मा उनका. अपन फुकट के डाक्टर हो गए." आणि पुन्हा आत जाऊन बसले. आत काम काही नव्हतं.

त्याच आठवड्यात व्यापारी संघाची बैठक होती. अध्यक्ष अण्णा. पेठेतलं चादर-टॉवेलचं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं. मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी, त्यामुळे पेठेतली प्रत्येक बाई त्यांच्या तोंडी 'अक्का', म्हणजे ताई. बैठक त्यांच्याच दुकानात, माडीवरच्या गादीवर. विषय दोन: पार्किंग शुल्क रद्द करा आणि ऑनलाइन खरेदीवर बंदी आणा. दुसरी मागणी पालिकेकडे कशी करायची हे कुणालाच माहीत नव्हतं, पण जोर दोन्हींवर सारखाच होता. निषेध म्हणून पेठ बंद ठेवायची असं ठरत होतं. मी म्हटलं, आपण बंद ठेवू तेवढ्या वेळात लोक मोबाईलवरून मागवतील. कुणी दाद दिली नाही.

मग अण्णा निवेदनाचा मसुदा वाचायला उठले. उभे राहिले, हनुवटी वर केली, मान मागे टाकली आणि कागद हातभर लांब धरला. काय रुबाब, असं माझ्या शेजारचा बांगडीवाला पुटपुटला. अण्णांनी वाचलं, "या अन्यायाच्या निषेधार्थ समस्त व्यापारी तीन मासांचा बंद पाळतील."

बांगडीवाल्यानं हळू आवाजात विचारलं, तीन महिने? अण्णांनी हनुवटी आणखी वर केली, कागद पुढे-मागे केला आणि म्हणाले, तासांचा, तासांचा. सगळे हसले. जीभ अडखळली असं सगळ्यांना वाटलं.

मी मात्र त्यांच्या नाकाकडे बघत होते. हनुवटी वर करून वाचणं हा रुबाब नव्हता. त्यांच्या चष्म्याची भिंगं प्रोग्रेसिव्ह होती. प्रोग्रेसिव्ह म्हणजे एकाच भिंगात वरच्या भागातून लांबचं दिसतं, मधून हातभरावरचं आणि खालच्या भागातून वाचायचं. त्याच्यासाठी नुसता नंबर आणि पीडी पुरत नाही. माणूस समोर उभा करून, फ्रेम त्याच्या नाकावर ठेवून, बाहुली कुठल्या उंचीवर येते तिथं भिंगावर पेननं ठिपका द्यावा लागतो. ते माप चुकलं आणि वाचायचा भाग खाली गेला, की माणूस कोंबड्यासारखी मान वर करून वाचतो. हे माप मोबाईल घेत नाही, निदान अण्णांच्या नाकाचं त्यानं घेतलं नव्हतं. शिवाय ती फ्रेम पेठेत कुणीच ठेवत नाही. आणि वीस वर्षं माझ्याकडून चष्मा घेणारे अण्णा दोन वर्षांत दुकानाची पायरी चढले नव्हते.

ऑनलाइनविरोधी आंदोलनाच्या अध्यक्षांचा चष्मा ऑनलाइन होता.

मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडाला लावून खोकत बसले. बांगडीवाल्यानं मला पाणी आणून दिलं.

निवेदन द्यायला जायच्या आदल्या दिवशी, दुपारी दुकान रिकामं असताना, मागचं दार वाजलं. ते दार बोळात उघडतं आणि रझाकभाई सोडून कुणी वापरत नाही. बाहेर अण्णा उभे. आत आले, पडदा नीट ओढला आणि खिशातून चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा जरा सैल झालाय, एवढंच म्हणाले.

मी तो दिव्याखाली धरला. प्रोग्रेसिव्ह भिंगावर कंपनीची बारीक कोरीव खूण असते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, उजेडात तिरकं धरलं की दिसते. मी ती खूण बघितली, अण्णांकडे बघितलं, आणि विचारलं कुठून घेतला. बेंगळूरहून मुलीनं पाठवला, म्हणाले. मी चष्मा पुन्हा उजेडात तिरका धरला. मग म्हणाले की मुलीनं पाठवला नाही, फक्त मागवायचं कसं ते फोनवरून शिकवलं. एवढा लांबचा रस्ता त्यांनी दोन वाक्यांत कापला.

पाच दुकानं पलीकडे मी असताना मोबाईल का, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. अण्णा ओशाळले. "खरं सांगू अक्का? दुपारी गल्ल्यावर बसून कंटाळा येतो. गिऱ्हाईक नाही. बोट सहज फिरतं. चष्मा आला, मग एक टेबलफॅन आला, मग..." पुढची यादी त्यांनी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही.

मग मुद्द्यावर आले. उद्या पालिकेतल्या साहेबांसमोर निवेदन वाचायचं होतं आणि या चष्म्यातून अक्षरं पोहत होती. शिवाय ही गोष्ट पेठेत फुटली तर अध्यक्षपद राहू दे, चेहरा दाखवता आला नसता. त्यांचा आवाज खरंच बारीक झाला होता. मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच, कारण पडद्याच्या फटीतून समोरचा रस्ता दिसत होता, आणि माझ्या दारासमोरच्या पट्ट्यात पांढरी मोठी गाडी उभी होती. अण्णांची. सकाळी दहाला लागते, रात्री नऊला निघते. पार्किंगचा माणूस अध्यक्षांकडून पैसे घेत नाही. तिच्या मागे बांगडीवाल्याची स्कूटर, त्यापलीकडे भांडीवाल्या दोघा भावांच्या दोन. गुरुजींना पट्ट्यात जागा का मिळाली नाही, ते मला तेव्हा, इतक्या उशिरा, कळलं. आम्हीच सगळी जागा अडवून बसलो होतो. माझी स्कूटीसुद्धा त्याच रांगेत होती, हेही सांगून टाकते.

अण्णांच्या दुकानामागे मोठं आवार आहे. पूर्वी तिथं चादरींच्या गाठी घेऊन टेम्पो यायचे. आता होलसेलचं गोडाऊन शहराबाहेर गेलंय आणि आवारात रिकामी खोकी आणि दोन मांजरं असतात. मी म्हटलं, अण्णा, ते आवार पेठेतल्या दुकानदारांच्या गाड्यांना उघडा. सुरुवात तुमच्या गाडीपासून. रस्ता गिऱ्हाइकाला राहू दे.

अण्णांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि परत ठेवला. "अक्का, हे ब्लॅकमेल झालं."

"नाही अण्णा. हा फिटिंग चार्ज आहे."

पडद्याआड रझाकभाईंना मोठा ठसका लागला.

नवा प्रोग्रेसिव्ह एका दिवसात होत नाही. म्हणून मी अण्णांचा जवळचा नंबर काढला आणि फक्त वाचायचा साधा चष्मा करायचं ठरवलं. भिंगं तयार होती. रझाकभाईंनी अर्ध्या तासात घासून बसवली. अण्णांनी टेबलावरचं माझं लाइट बिल सरळ मानेनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, बिल लई आलंय म्हणाले, आणि आले तसे बोळातून गेले.

दुसऱ्या दिवशी पालिकेत आम्ही पंधराजण गेलो. अण्णांनी निवेदन खणखणीत वाचलं. तासांचे मास झाले नाहीत. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: दिवसभर पट्ट्यात उभ्या असणाऱ्या गाड्यांपैकी तुमच्या स्वतःच्या किती? पंधरा माणसं पंखा बघायला लागली.

तेव्हा अण्णा बोलले. माझ्या आवारात सगळ्या दुकानदारांच्या गाड्या लावू, उद्यापासून, असं ते म्हणाले. बदल्यात गिऱ्हाइकाला पहिला अर्धा तास फुकट द्या. हे ते असं बोलले, की जणू आठवडाभर हाच विचार करून झोपले नव्हते. बांगडीवाल्यानं टाळी वाजवली. मीही वाजवली, जरा जास्तच.

साहेबांनी शुल्क रद्द केलं नाही. पहिला अर्धा तास फुकट केला, आणि त्याला मंजुरी मिळायला दोन महिने लागले. बंद झाला नाही. ऑनलाइनवर बंदी तर कुणाच्याच हातात नव्हती, तो विषय साहेबांनी हसून बाजूला ठेवला. अण्णांची गाडी मात्र दुसऱ्या दिवसापासून आवारात लागली, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांच्या. पहिल्या सकाळी पट्टा इतका रिकामा होता की लोकांना वाटलं पेठ बंद आहे.

पेठ पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही. भांडीवाल्या भावांनी त्याच वर्षी दुकान उठवून विजापूर रोडला नेलं. पण थांबून बघणारं, आत डोकावणारं गिऱ्हाईक परत दिसायला लागलं.

मीही एक गोष्ट बदलली. दारावर पाटी लावली: 'चष्मा कुठूनही घ्या, बसवून इथून घ्या.' तपासणीचे पैसे वेगळे, पीडी लिहून देण्याचे वेगळे, दुसरीकडून आणलेला चष्मा नाकाकानावर बसवून देण्याचे वेगळे. रझाकभाईंना पहिल्यांदा हे पटलं नव्हतं, दुसऱ्याच्या मालाला हात का लावायचा म्हणून. आता मोबाईलवरून आलेले वाकडे चष्मे सरळ करण्यात त्यांचा निम्मा दिवस जातो, आणि प्रत्येक चष्मा हातात घेतला की ते आधी मनसोक्त नावं ठेवतात. त्याचे पैसे आम्ही लावत नाही.

अण्णांचं गुपित मी फोडलं नाही. संघाच्या पुढच्या बैठकीत, नवा प्रोग्रेसिव्ह घालून, त्यांनी स्वतःच ते सांगितलं, आणि मग एकेकानं आपापल्या घरी काय काय पार्सल येतं ते कबूल केलं. यादी लांबत गेली. चहा दोनदा मागवावा लागला.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. गिऱ्हाईक का येत नाही हे शोधायचं असेल तर आधी आपल्या दारात कुणाची गाडी उभी आहे ते बघावं. आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा करायचा असेल तर मापाला स्वतः यावं. अर्धा तास लागतो, आणि तो फुकट आहे.