बारा सारखी घरं

साल दोन हजार अठरा. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो — म्हणजे कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाय. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाय. बायकोलाही नाय, आणि तिला तर माझ्या पोटातलं न विचारता कळतं. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही धड माहीत नाय. बसा जरा.

मी पेणचा. शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पण गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी माझ्या हातची असली की गिऱ्हाईक दुसऱ्या मूर्तीकडे बघायचं नाय. हे बढाई म्हणून नाय सांगत — बरं, बढाईच आहे. तीच नडली.

माझी नात सायली, रोह्याला राहते, मुलीची मुलगी. तेव्हा सहावीत होती. दिवाळीच्या सुट्टीत पेणला आली ती उकुलेलेचं वेड घेऊन. चार तारांचं, पोटाशी धरायचं छोटं गिटार ते. तिच्या शाळेच्या संमेलनात तिला एकटीला गाणं दिलं होतं, आणि स्वतःच वाजवत गायचं होतं. मोबाईलवर फोटो दाखवला. बाप विकत घेऊन देणार होता. मी म्हटलं, हात मोडलेत काय माझे?

चहाच्या प्लायच्या खोक्याचं पोट केलं. दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाच्या पट्टीचा दांडा. तारा म्हणून मासे धरायच्या गळाची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणि दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या सायकलच्या तारा कापून बसवल्या. दोन पट्ट्यांमधलं घर केवढं ठेवायचं? मोबाईलवर बघ की, सायली म्हणाली. मी बघतो काय! मूर्तीमागच्या प्रभावळीच्या पाकळ्या पाडतो तसा दोरा घेतला, तिनात दुमडला, मग दोनदा दोनात. बारा घरं, केसाचाही फरक नाय. वर तांबडा ऑइलपेंट, कडेने सोनेरी. देखणं झालं हो — अजून डोळ्यांपुढं आहे.

मोकळ्या तारा बऱ्या लागायच्या. बोट ठेवलं की सूर खाली बसायचा. "आबा, माझा गळा वर जातो नि हे खालीच राहतं," ती म्हणायची. एकदा नाय, रोज. आणि मी?

भाऊबीजेला घर भरलेलं. तिनं गायला घेतलं. दोन ओळींत गळा एकीकडे, तारा दुसरीकडे. ती थांबली, तिनं माझ्याकडे बघितलं. मग मी सगळ्यांसमोर बोललो — "वाद्य सरळ हाय गो. तुझा कानच वाकडा. गाणं तुझं काम नाय, तू पोहे कर." सगळे हसले. मीही हसलो. माझी बायको तेवढी हसली नाय.

दुसऱ्या दिवशी जावयाच्या कामाला एसटीनं रोह्याला गेलो. पेटी-तबला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात तसलंच एक टांगलेलं होतं. खिशात दोरा असतोच. लावला. वरचं घर मोठं, पुढचं त्याहून बारीक, पोटाकडे जाताना घरं आवळत आवळत गेलेली. परत लावला. दुकानदार म्हणाला, "काका, सारखी पाडली तर बेसूर होतं ते." मी म्हटलं, "माहीत हाय मला."

माहीत हाय मला! बघा.

एसटीत पेणच्या अलीकडचं गडब येईपर्यंत मनात वाक्य जुळवत होतो — पोरी, कान तुझा खरा, हात माझा चुकला. एवढंच तर होतं. घरी पोचलो तर ती ओटीवर आईला फोनवर सांगत होती, "बाईंना सांग, माझं नाव काढा. मला सूर कळत नाय." मी चपला काढल्या, तिच्या शेजारून आत गेलो. जेवलो. भात परत मागून घेतला. ती समोर बसली होती — तेव्हा का नाय बोललो? जीभ होती, वेळ होता.

आता ती कॉलेजात आहे. आरतीला नुसते ओठ हलवते. मी घंटा वाजवतो आणि तिच्याकडे बघत नाय.

पण त्या दिवसाचं पुढचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. रोह्याचा तो दुकानदार डोक्यात होता. हिनं हे शाळेत नेलं, कोणी दोरा लावला नि चूक माझी निघाली तर? आधी तंगूस सोडवली, जळताना वास मारते म्हणून. दांडा गुडघ्यावर मोडला. खोकं पायाखाली घेतलं. आंघोळीच्या बंबात घातलं सगळं. रंगामुळं भडभडून पेटलं. राखेतून सायकलच्या तारांचे तुकडे चिमट्यानं वेचून परसात पुरले. उंदरांनी कुरतडलं, फेकून दिलं, असं सांगायचं ठरवलं, आणि तेच सांगितलं. मग पाणी तापलं तशी सायलीला हाक मारली — ऊठ गो, पहिली बादली तुझी.